डोक्याची पट्टी

मी मुळातच तोंडाळ. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची आणि ते खोटं नव्हतं. आता अशा बाईला नशिबानं काम कुठलं मिळावं, तर तोंड बंद ठेवायचं. लोणावळ्यातल्या एका हॉस्पिटलात मी अठरा वर्षं ईईजी काढते. पेशंटच्या डोक्याला तारा चिकटवायच्या, मशीन चालू करायचं, मेंदूच्या लाटा पडद्यावर उमटतात त्या नोंदवायच्या आणि डॉक्टरांकडे पाठवायच्या. निकाल सांगायचा तो डॉक्टरांनी, आपण 'या आता, रिपोर्ट मिळेल' म्हणून मोकळं व्हायचं. आमच्या मावळात कार्डिओग्रामला 'छातीची पट्टी' म्हणतात, म्हणून आमची ही झाली 'डोक्याची पट्टी'. आता कागद निघत नाही, सगळं कॉम्प्युटरवर असतं, पण नाव पडलं ते पडलं.

इतकी वर्षं मी बहुतेक फिट येणाऱ्यांच्याच पट्ट्या काढल्या. कामशेतहून सकाळी स्कूटर काढायची, दिवसाला सहा-सात पट्ट्या, की घरी. खरं सांगायचं तर कंटाळले होते. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर मॅडमनी मला बोलावलं. त्या पुण्याहून दर शनिवारी येतात. म्हणाल्या, एडीएचडी असलेल्या मुलांचं लक्ष किती वेळ टिकतं आणि ते सुटतं तेव्हा मेंदूत काय चाललेलं असतं, हे मोजायचंय, आणि पट्ट्या तुम्हीच काढायच्या. मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी तुंगार्लीच्या तलावाला एक चक्कर मारूनच मी घरी गेले. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कुणी तरी मला नवीन काही शिकायला सांगत होतं.

एडीएचडी म्हणजे काय, ते मॅडमनी मला सोपं करून सांगितलं. या मुलांना लक्ष असतं, पण त्याचा लगाम त्यांच्या हातात नसतो. एका जागी बसवत नाही, सांगितलेलं अर्ध्यावर सुटतं, समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत उत्तर बाहेर पडतं. लोक म्हणतात वांड आहे, लाडावलंय, मुद्दाम करतंय. आणि एक गोष्ट त्यांनी मला तीनदा बजावली. नुसत्या पट्टीवरून एडीएचडी आहे की नाही हे ठरत नाही. ते ठरतं घरच्यांशी, शाळेशी, मुलाशी बोलून, सगळं जुळवून. आपण फक्त लक्ष सुटताना पकडायचं.

ते पकडायला एक खेळ होता. मुलाच्या डोक्यावर तारांची टोपी घालायची आणि समोरच्या पडद्यावर एकेक चित्र क्षणभर दाखवायचं. गाय, कोंबडी, बकरी, कुत्रा. प्रत्येक चित्राला बटण दाबायचं, फक्त मांजर आलं की दाबायचं नाही. दोन चित्रांमधला वेळ कधी कमी, कधी जास्त, त्यामुळं अंदाज बांधता येत नाही. आवाज नाही, गुण नाहीत, शाबासकी नाही. असं पंधरा मिनिटं. मुद्दामच कंटाळवाणं केलेलं, कारण मजा असेल तिथं कुणाचंही लक्ष लागतं. मी जेवणाच्या सुट्टीत स्वतःच बसून पाहिलं. चौथ्या मिनिटाला मी सकाळी गॅस बंद केला की नाही या विचारात होते आणि मांजराला बटण दाबून बसले. मॅडम म्हणाल्या, ताई, आता तुम्हाला कळलं आपण काय मोजतोय ते.

त्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. बुधवारी एक आबा नऊ वर्षांच्या नातीला घेऊन आले. पवनेच्या बाजूचं गाव, घरची भातशेती, मुलगा म्हणजे पोरीचा बाप तळेगावला कंपनीत कामाला. मॅडमनी सुट्टी लागायच्या आधी एका शनिवारी पोरीला पाहून घरच्यांना आणि शाळेला भरायचे फॉर्म दिले होते. पट्टी तेवढी राहिली होती. मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणून आईनं तिला नटवून पाठवलेलं. केसांना ओंजळभर खोबरेल, दोन घट्ट वेण्या, कपाळाला शिरगावच्या साईबाबांची उदी. केस धुऊन, तेल न लावता या, असं मी चिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहून देते. कोण वाचतंय! तेलकट केसांवर तार काही केल्या धरत नाही. मी आबांना विचारून उदी कपाळावरून पुसली आणि तिच्या मनगटाला लावली. मग बेसिनवर पोरीला ओणवं करून दोनदा शाम्पू केला. माझा कुडता कोपरापर्यंत भिजला आणि तिला इतकं हसू आलं, की आमची तिथंच गट्टी जमली.

तारा लावताना तिचे प्रश्न संपेनात. ही पिवळी काय ऐकती, ही निळी काय ऐकती, करंट लागंल का, मी खोटं बोलले तर कळंल का. आबा कौतुकानं बघत बसले होते. मधेच त्यांनी आपलंही सांगून टाकलं. ते जुंपणारे. आमच्याकडं बैलगाड्यांच्या शर्यतीत निशाण पडेपर्यंत बैल जागच्या जागी धरून ठेवणं हे मोठं कसब असतं. पुढं सरकू द्यायचे नाहीत, मागं हटू द्यायचे नाहीत, आणि त्यांचं चित्त इकडंतिकडं जाऊ द्यायचं नाही. ते करणारा तो जुंपणारा. तीस वर्षं आबांना त्यासाठी गावोगावच्या जत्रांची बोलावणी यायची.

खेळाच्या वेळी खोलीत मूल एकटं असावं असा नियम आहे. शेजारच्या खोलीतून काचेतून आपण बघायचं. पण आबा उठले की पोरगी तारांसकट उठायची. दोनदा असं झालं आणि माझा जीव त्या तारांत. शेवटी मी म्हटलं, आबा, तुम्ही तिच्या मागं खुर्चीवर बसा, पण हाक मारायची नाही, हात लावायचा नाही, बोलायचं नाही. आबांनी मान हलवली आणि शब्द पाळला. पंधरा मिनिटं ते पुतळ्यासारखे बसले होते.

खेळ संपला आणि माझ्या पडद्यावर आकडे आले, तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. एवढ्या चित्रांत पोरीच्या अगदी मोजक्या चुका. ज्यांना काहीच त्रास नाही अशा मुलांच्याही मी पट्ट्या काढल्या होत्या. त्यांच्याहूनही कमी. मला भारी वाटलं. जी पोरगी शाळेत पाच मिनिटं बसत नाही, तिनं हे केलं! मी धावत बाहेर गेले आणि जे इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. म्हटलं, "आबा, पोरगी पास झाली." आबांचे डोळे भरून आले. त्यांनी तिला स्टेशनसमोर भजी खायला नेलं.

गुरुवारी संध्याकाळी हॉस्पिटलच्या नंबरवर आबांचा फोन आला. आवाज बसलेला. "ताई, तुमी पास म्हणालात, आन् पोर माझ्या घरातनं चालली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पोरगी या वर्षात तीनदा वर्गातून उठून निघून गेली होती. तिसऱ्या वेळी ती सापडली हायवेच्या कडेला, रस्त्याच्या कामावरची क्रेन बघत उभी, आणि बाजूनं कंटेनर धावताहेत. तेव्हापासून बापानं धसका घेतला होता. साताऱ्याच्या पुढं एक निवासी शाळा त्यानं बघून ठेवली होती. उंच भिंत, कडक शिस्त, चुकलं की छडी. फक्त डोक्यात काही दोष निघाला तर मग औषधपाणी करू, असं आबांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. आता मीच पास म्हणाले म्हटल्यावर बाप म्हणाला, बघा, मशीननं सांगितलं, डोकं चांगलं हाय, म्हंजी सगळी नाटकं. मॅडमची वाट बघायलाही तो तयार नव्हता. सोमवारी गाडी ठरली होती.

मला स्वतःचा असा राग आला होता की घरी जाऊन मी भांडी आदळली. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर त्याच्यावरच खेकसले. एक शब्द, आपला अधिकार नसलेला एकच शब्द बोलले आणि नऊ वर्षांची पोर घरातून चालली.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी तिची पट्टी उघडली. तोपर्यंत मी फक्त आकडे पाहिले होते, लाटा नीट पाहिल्याच नव्हत्या. मूल लक्ष देऊन बसलेलं असलं की लाटा बारीक, दाट, घाईत असल्यासारख्या येतात. मन सुटलं की त्या मोठ्या आणि संथ होतात, कपाळाकडच्या तारांवर जास्त. पोरीच्या पट्टीवर पहिल्या दोन मिनिटांतच संथ लाटा आल्या. म्हणजे लक्ष सुटलं होतं तर! पण दोन-तीन सेकंद झाले की त्या एकदम तुटत होत्या. पुन्हा बारीक, दाट, जागं. मग पुन्हा संथ, आणि पुन्हा तुटल्या. शेवटपर्यंत असंच.

मला काही केल्या पटेना. सुटलेलं लक्ष असं परत येत नाही. ते भटकतं, रमतं, कधी तरी आपसूक घरी येतं. एकदा दोनदा झालं असतं तर म्हटलं असतं योगायोग. इथं दर वेळी? मी पट्टी मागं नेली, आणखी मागं नेली, आणि मग मला ते दिसलं. लाटा तुटायच्या आधी दर वेळी डोक्याच्या मध्यावरच्या तारेवर एक टोकदार लाट उठलेली होती. त्या लाटेला मी अठरा वर्षं ओळखते. पेशंट पेंगुळलेला असताना कुणी दार आपटलं, कुणी खोकलं, की ती उठते. म्हणजे पोरीनं काही तरी ऐकलं होतं. आणि आमच्या खेळाला तर आवाजच नाही.

पट्टीबरोबर आम्ही मुलाचा व्हिडिओ घेतो, पण त्याचा आवाज मी नेहमी बंदच ठेवते. मी हेडफोन शोधले, कानाला लावले, आवाज पूर्ण वाढवला. पडद्यावर पोरीची नजर चित्रावरून खिडकीकडं वळली. संथ लाटा सुरू झाल्या. एक सेकंद, दोन सेकंद. आणि कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या खुर्चीवरून जीभ टाळूला लावून काढलेला आवाज आला. टक्.

पोरीची नजर पडद्यावर. टोकदार लाट. संथ लाटा बंद.

मी एकटीच त्या खोलीत मोठ्यानं हसले. मग पुढची संथ लाट शोधली. टक्. त्याच्या पुढची. टक्. आबा! तीस वर्षं निशाण पडेपर्यंत बैलांचं चित्त धरून ठेवणारा माणूस नातीच्या मागं बसला होता, आणि मी त्यांना बोलू नका म्हटलं होतं, हात लावू नका म्हटलं होतं. जिभेचं कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मी मॅडमना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. आधी त्याही हसल्या, आणि मग बोलणी बसली ती बसलीच. आबांना आत का बसवलं, निकाल का सांगितला. शेवटी म्हणाल्या, चुका दोन्ही तुमच्या, पण शोधही तुमचाच, उद्या पहिली वेळ त्या मुलीला द्या, आणि वडिलांना घेऊन या म्हणावं.

हे फोनवर सांगून भागणारं नव्हतं. मी ड्यूटी संपताच स्कूटर काढली आणि कामशेतवरून पवनेच्या रस्त्याला लागले. भात कापणी चालू होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेंढ्या पडलेल्या. आबांच्या घरासमोर खळं होतं आणि आबा पेंढ्या रचत होते. बाप नुकताच पहिली पाळी करून आला होता, ओट्यावर चहा घेत बसला होता. उंच, सडपातळ, पस्तिशीचा माणूस. बोलताना त्याचा एक गुडघा सारखा हलत होता. पोरगी त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला वही घेऊन बसली होती.

मी आधी माझी चूक कबूल केली. मग आवाजाचं सांगितलं. आबा चक्रावले. मी कुटं काय केलं, म्हणाले, मी तोंडातनं शबुद काढला न्हाई. ते खरंच सांगत होते. त्यांना माहीतच नव्हतं. मी समजावून सांगत होते आणि ते माझ्याकडं बघत ऐकत होते, तेवढ्यात खळ्यावर चिमण्यांचा थवा उतरला. पोरीची मान वहीतून वर झाली. आणि माझ्याकडं बघता बघताच आबांच्या तोंडातून आवाज गेला, टक्. पोरीनं मान खाली घालून लिहायला सुरुवात केली.

पहिला बाप बोलला. "आबा, हे तुमी दिसभर करता."

आबांनी हातातली पेंढी खाली ठेवली. त्यांनी मला विचारलं, "मंग काय माझ्या डोळ्यांदेखत पोर नापास व्हऊ देऊ?"

"होय, होऊ द्या," मी म्हटलं. "बुधवारी परीक्षा तुम्ही दिलीत, आबा. तिची अजून झालेलीच नाही."

बाप मात्र ऐकेना. परत पट्टी कशाला, सोमवारची गाडी ठरलीय, शाळेत शब्द दिलाय. बोलायचा भरभर, वाक्य अर्धं टाकून दुसरं धरायचा. मला राग आला. मी म्हटलं, दादा, हायवेवरच्या कंटेनरांचा तुम्ही धसका घेतलात, मला कळतं, मलाही पोरं आहेत. पण उद्या तुम्ही आला नाहीत, तर ही पोर माझ्या चुकीपायी घरातून जाईल आणि ते मी जन्मभर विसरणार नाही. एवढ्या तावात बोलले की चहा घेऊन आलेली पोरीची आई दारातच थांबली. बाप गुडघा हलवत बसला. मग म्हणाला, उद्या सुट्टी हाय, येतो.

शनिवारी ते सकाळी नऊलाच हजर. या वेळी केस कोरडे, भुरभुरणारे. आबा बाहेरच्या बाकावर बसले. पोरीनं आत येताना विचारलं, आबा न्हाई? मी तिच्याजवळ बसले आणि तारा लावता लावता सांगितलं, की मी, मॅडम आणि तुझे पप्पा काचेपलीकडं असू. तुझं मन पडद्यावर असलं की तारांतून आम्हाला कळेल. सुटलं तरी कळेल, तू न सांगता. त्यात रागवायचं काही नाही.

ती एकदम वळली. तारा ओढल्या गेल्या. "पप्पांना बी दिसंल?"

"दिसेल."

"मंग मी बसते," ती म्हणाली आणि स्वतःहून पाय जुळवून बसली.

काचेपलीकडं आम्ही तिघं. मॅडमनी बापाला दोन वाक्यांत सांगितलं, बारीक लाटा म्हणजे लक्ष आहे, मोठ्या संथ म्हणजे सुटलं. खेळ सुरू झाला. पहिलं मिनिट पोरीनं काय छान केलं! मग संथ लाटा आल्या आणि या वेळी त्या तुटल्या नाहीत. गाय आली आणि गेली, बटण दाबलं गेलं नाही. कोंबडी गेली. मग तिला भान आलं, ती दचकून भराभर दाबायला लागली आणि मांजराला दाबून बसली.

बाप पुढं झुकला होता. म्हणाला, पण ती तर सरळ बसलीय, हाललीबी न्हाई. मॅडम म्हणाल्या, हो, बसलीय, आता तिचा डावा हात बघा. पोरगी डाव्या हातानं स्वतःच्या मांडीला चिमटे काढत होती. चिमटा काढला की लाटा थोड्या बारीक व्हायच्या, पुन्हा पसरायच्या. तिनं ओठ दातांत धरला होता. डोळे ताणून उघडे ठेवले होते. समोर बकरी आली, ती बकरीकडंच बघत होती, आणि तिच्या डोक्यात त्या वेळी दुसरंच काही चाललं होतं. हे मी काचेतून आणि पडद्यावर एकाच वेळी बघत होते, आणि आनंद आणि वाईट वाटणं दोन्ही माझ्या छातीत एकदम चाललं होतं. कारण पट्टी अप्रतिम निघाली होती. इतकी स्वच्छ, इतकी खरी पट्टी मी त्या वर्षात काढली नव्हती.

"ती झटतीय," बाप हळू म्हणाला. कुणाला म्हणाला कोण जाणे.

खेळ संपल्यावर पोरगी बाहेर आबांकडं पळाली. बापाला मॅडमनी समोर बसवलं आणि घरचे फॉर्म, शाळेचे फॉर्म काढले. आईनं भरलेलं एकेक वाचून त्या बापाला विचारत होत्या. वस्तू हरवते का? सांगितलेलं अर्ध्यावर सोडते का? सुरुवातीला प्रश्न पूर्ण व्हायच्या आधीच त्याचं उत्तर यायचं. व्हय, रोज. व्हय, सारखं. मग हळूहळू उत्तरं मंदावली. दुसऱ्याचं बोलणं मधेच तोडते का, या प्रश्नाला तो थांबला, मॅडमकडं बघितलं आणि मान खाली घातली.

शेवटी मॅडमनी सगळं जुळवून सांगितलं. हा एडीएचडी आहे. नुसत्या पट्टीवरून म्हणत नाही, सगळं मिळून म्हणतेय. तिला पहिल्या बाकावर बसवायचं, काम लहान लहान तुकड्यांत द्यायचं, मधे उठू द्यायचं. मी शाळेला पत्र देते. लागलं तर गोळी देऊ, पण आधी हे. आणि भिंत कितीही उंच असली तरी लक्ष तिच्यावरून जातं, मार दिला तर फक्त भीती वाढते. बाप ऐकत होता. म्हणाला, सोमवारची गाडी नको म्हणून सांगतो. मला उड्या माराव्याशा वाटल्या. मी मोठ्या मुश्किलीनं फाइल बांधत उभी राहिले.

आता तो उठेल असं वाटलं, पण तो उठला नाही. गुडघा हलत होता. त्यानं गुडघ्यावर हात दाबून धरला आणि विचारलं, "मॅडम, मोठ्या माणसाची पट्टी निघती का?"

"कुणाची?"

"माझी."

मग तो बोलत गेला. सातवीत शाळा सुटली. फळ्याकडं बघत असायचो, पण फळा दिसायचा न्हाई. कंपनीत दोनदा मशीनमध्ये बोट जाता जाता वाचलं, सुपरवायझर म्हणतो चित्त कुटं असतं तुजं. आजवर वांड म्हणायचं कुणी ठेवलं न्हाई. वाटायचं, आपणच नालायक. आज त्या काचंतनं पोरीकडं बघितलं, आन्...

दार उघडंच होतं. पोरगी आबांना हाताला धरून आत घेऊन आली होती आणि ते दोघं उंबऱ्यात उभे होते. आबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"तुला मी बैलाच्या कासऱ्यानं मारलं व्हतं," आबा मुलाला म्हणाले. "शाळा सुटली तवा. त्याच्या आदीबी. तू म्हणायचास, आबा, मी मुद्दाम न्हाई करत. मला खरंच वाटलं न्हाई रं."

मुलानं वर बघितलं तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते.

"आता ऱ्हाऊ द्या, आबा," तो म्हणाला. "हिच्यावर मातर कुणी हात उचलायचा न्हाई. मीबी न्हाई."

आबा रडायला लागले, तसेच उभ्यानं, तोंड न झाकता. मुलानं उठून त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं.